बस येली, बकरीलु येल्या

गुडीहत्नूर, ११ जुलै १९८७

ताराअक्कांस मनकर्णाचा जयभीम.

तुमचं पत्र ह्यांच्या नावाने आलं. हे वाचून खिशात ठेवत होते, मी मागून घेतलं. माझे कान गेले आहेत, डोळे नाही.

तुम्ही लिहिता, 'सव्वादोन वर्षांची पोर एक शब्द बोलत नाही. आई बहिरी, बाप अबोल. ती कुणाचं ऐकून बोलणार? तिला माझ्याकडे बासरला पाठव.' पत्र तुम्ही भावाला लिहिलं, पण पोरगी माझी आहे, म्हणून उत्तर मी देते.

अक्का, विशाखा पाच महिन्यांची असताना मला ताप आला आणि त्या तापात माझे कान गेले. तेव्हा तुम्ही शाळेतून दीड महिना रजा काढून तिला सांभाळलंत. ते मी विसरले नाही. म्हणून जूनमध्ये तुम्ही रागाने निघून गेलात तरी मी उलटून काही बोलले नाही. तसंही मी आता कुणाशीच बोलत नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे.

पण विशाखाला ऐकू येतं. हायवेवर लारीचा हॉर्न वाजला की ती हातातली भाकर टाकून दाराकडे बघते. तेवढं मला दिसतं. आणि घरात आवाज नाही असं समजू नका. मी सकाळी शिलाई मशीनवर बसले की तिच्याजवळ रेडिओ लावून ठेवते. हे मंडल ऑफिसातून यायच्या थोडं आधी बंद करते. बोलणं तिच्या कानावर भरपूर पडतं.

ह्यांनी पाटीवर लिहून दाखवलं, 'अक्काचं बरोबर असेल. एक वर्ष बघू.' चालेल. पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत या. तोवर पोरगी बोलली नाही, तर तिचे कपडे मी माझ्या हाताने बांधून देईन. हे लिहून देते आणि खाली सही करते.

मनकर्णा

गुडीहत्नूर, ३ सप्टेंबर १९८७

अक्कांस जयभीम.

रेडिओ आता लावत नाही. काऊन, ते विचारू नका.

विशाखाला मी सकाळी नऊला राहीबाईकडे देते आणि जेवायच्या वेळेला आणते. राहीबाई आमच्या मागच्या गल्लीत राहतात. त्यांचा भाजीचा मळा आहे आणि बसस्टँडसमोर पाल टाकून त्या भाजी विकतात. तुम्हाला हे आवडणार नाही. तुम्ही म्हणाल, शाळा शिकलेल्या घरातली पोर भाजीच्या ढिगात बसवली. बसवली. तिथे माणसं बोलतात.

पहिले चार दिवस मीही मशीन बंद ठेवून तिथे बसून राहिले. राहीबाईंचं तोंड बघत होते. 'वांगे घे बाई. भेंडी घे बाई. मिरची घे बाई, ताजी हाय.' दिवसभर तेच. हातात वांगं असलं की वांगं, भेंडी असली की भेंडी. आणि प्रत्येक वेळी वस्तू पोरीच्या नाकासमोरून जाते.

अक्का, तुम्ही मास्तरीण आहात, म्हणून सांगते. मी ओठ वाचायला कशी शिकले ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. मला कोणी शिकवलं नाही. ताप उतरल्यावर सहा महिने माणसांची तोंडं नुसती उघडत आणि मिटत होती. मग एक दिवस बसस्टँडवर लक्षात आलं की बोलणं संपताना ओठ मिटून फाकतात, पुन्हा पुन्हा, एकाच तऱ्हेने. ते 'बाई' होतं. ते सापडल्यावर त्याच्या आधीचं 'घे' सापडलं. आणि त्याच्याही आधी जे दर वेळी बदलतं, ते वस्तूचं नाव. तिथून पुढे धागा उसवावा तसं बोलणं सुटत गेलं.

मला वाटतं, पोरीलाही तसंच करावं लागत असेल. पण त्यासाठी तेच तेच बोलणं समोर घडलं पाहिजे, हातात वस्तू घेऊन, तिच्याकडे बघून.

एक गोष्ट सांगायची राहिली. काल एका गिऱ्हाईक बाईने राहीबाईंना विचारलं, 'त्यांची पोरगी मांडीवर घेऊन बसता?' तिचे ओठ मला दिसले. राहीबाईंची माझ्याकडे पाठ होती, त्यामुळे त्यांनी काय उत्तर दिलं ते कळलं नाही. ती बाई भाजी न घेता गेली. विशाखा मांडीवरच होती.

मनकर्णा

गुडीहत्नूर, १९ डिसेंबर १९८७

अक्कांस जयभीम.

तुमच्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही. दुसऱ्या पत्रात तुम्ही विचारलंत, रेडिओ काऊन बंद केला. आता सांगते, कारण आता सांगण्याइतकी हिंमत आली आहे.

ऑगस्टमध्ये हे एक दिवस दुपारीच घरी आले. दारातच थांबले. मग आत जाऊन रेडिओ बंद केला आणि पाटी घेतली. लिहिलं, 'हा नुसता खरखरतोय. स्टेशनच लागलेलं नाही.' मी लिहिलं, 'आज हललं असेल.' त्यांनी रेडिओ जवळून बघितला. मग लिहिलं, 'काटा जिथे आहे तिथे कुठलंच स्टेशन नाही.' काटा मी कधी हलवलाच नव्हता, अक्का. दिवा लागला की रेडिओ चालू, एवढंच मला ठाऊक. सकाळी ह्यांनी बातम्या ऐकून बंद करताना तो सरकत असेल. किती दिवस, किती महिने, ते मला सांगता येत नाही. माझी पोरगी त्या खरखरीजवळ बसून चिंध्यांशी खेळत होती, आणि मी मशीन चालवत खुशीत होते की तिच्या कानावर भाषा पडून राह्यली.

जुलैच्या पत्रात मी त्याच रेडिओच्या जोरावर तुमच्याशी भांडले.

हे कळल्यावर तुम्ही म्हणाल, म्हणूनच तर पोर माझ्याकडे दे. मी उलट म्हणते. स्टेशन लागलेलं असतं तरी काही झालं नसतं, असं मला आता वाटतं. बातम्या देणारा माणूस विशाखाच्या हातातल्या चिंधीला 'चिंधी' म्हणणार नव्हता. तिने हात पुढे केला म्हणून थांबणार नव्हता.

आता चांगलं सांगते. दसऱ्यानंतर एका सकाळी विशाखाने राहीबाईंना टमाटा दिला आणि तोंड हलवलं. राहीबाई पाल तसंच टाकून धावत माझ्याकडे आल्या. माझ्यासमोर उभं राहून सावकाश बोलल्या, 'मनकर्णा, पोरगी म्हनते, घे बाई!' मग पदराने डोळे पुसत हसत सुटल्या.

आता ती पुष्कळ बोलते असं सगळे म्हणतात. मला ते ऐकू येत नाही, आणि राहीबाईंना लिहिता येत नाही. म्हणून ह्यांना मी एक वही दिली आहे. संध्याकाळी चहा घेताना हे विशाखाला मांडीवर घेऊन बसतात आणि ती बोलेल ते लिहितात. सुरुवातीला मी वही वाचली तर सगळं शुद्ध. 'बाबा, मला पाणी द्या.' मला खरं वाटेना. मी पाटीवर विचारलं, ती असंच म्हणाली? ह्यांनी मान हलवून नाही म्हटलं. क्लार्क माणूस, लोकांचे अर्ज सुधारून लिहायची सवय. मी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'सुधारू नका. ती म्हणेल तसंच लिहा. चूकसुद्धा.'

आता ते तसंच लिहितात. वही लिहायची म्हणून त्यांना पोरीशी बोलावं लागतं. तुमचा अबोल भाऊ रोज अर्धा तास बोलतो, अक्का. त्याचे ओठ हलताना बघून मला बरं वाटतं.

मनकर्णा

गुडीहत्नूर, ८ मार्च १९८८

अक्कांस जयभीम.

परवा विशाखाला तीन वर्षं झाली. तुम्ही पाठवलेला फ्रॉक आखूड झाला, मी खाली झालर लावून वाढवला.

हे पत्र एका चुकीबद्दल आहे. सकाळी मी तिला घेऊन बसस्टँडवर उभी होते. आदिलाबादची बस वळली. विशाखा माझी हनुवटी धरून माझं तोंड तिच्याकडे वळवते, मगच बोलते. हे तिला कोणी सांगितलेलं नाही. तिने तोंड वळवलं आणि म्हणाली, बस... आणि पुढचं मला लागेना. 'आली' म्हणताना तोंड मोठं उघडतं. तिचं आडवं पसरलं. मी संध्याकाळी ह्यांना पाटीवर विचारलं. त्यांनी वही उघडून दाखवली. तिथे आठ दिवसांपासून होतंच. 'बस येली. बाबा येला. गाय येली.'

हे म्हणाले, बाहेर कुणी बोलत असेल. मी ह्यांना राहीबाईंकडे विचारायला पाठवलं, त्यांनी कानाला हात लावले. 'आमी काऊन असं बोलू?' ह्यांनी बसस्टँडवरही विचारलं. 'येली' कुणीच म्हणत नाही. या गावात नाही, कुठेच नसेल.

मग ते आलं कुठून? दोन दिवस मशीनवर बसून मी तोच विचार केला. बसते, बसली. पडते, पडली. हसते, हसली. तर मग येते, येली! तिने ऐकलेलं नाही, अक्का, तिने बनवलं. शेकडो वेळा ऐकलेल्यातून शेवटचा तुकडा कसा लागतो ते तिने धरलं आणि 'ये'ला लावून टाकला. चूक आपल्या मराठीची आहे, जी 'येते' म्हणते आणि मग 'आली' म्हणते. पोरीचं गणित बरोबर आहे.

आणखी एक. बसस्टँडचा हॉटेलवाला तेलुगू आहे. 'पूरीलु', 'लारीलु' असं दिवसभर ओरडतो असं हे सांगतात. एकाहून जास्त असलं की तेलुगूत शेवटी 'लु' लागतं. विशाखा आता बकऱ्यांना 'बकरीलु' म्हणते. एक बकरी असली तर मात्र 'बकरी'च. हे मी स्वतः तपासलं. एक बकरी दाखवली, मग तीन दाखवल्या, आणि ह्यांना लिहायला लावलं.

तुम्ही शिकवता. तुम्हाला हे माझ्याआधी ठाऊक असेल. मला ठाऊक नव्हतं, म्हणून मला आनंद झाला.

आता जे लिहायचं म्हणून हे पत्र घेतलं ते लिहिते. माझे कान गेल्यावर, तुम्ही रजेवर होतात तेव्हा, एका सकाळी तुम्ही मला पाटीवर लिहून दिलं होतं, 'मनकर्णा, तुझा आवाज आता बिघडला आहे. फार मोठा आणि वाकडा येतो. पोरीसमोर बोलू नकोस, ती तोच सूर उचलेल.' तुम्ही प्रेमाने लिहिलंत. पाटी तुम्ही लगेच पुसलीत, म्हणजे मला लागू नये. मी तुमचं ऐकलं. त्या दिवसापासून मी माझ्या पोरीशी एक शब्द बोलले नाही. अंघोळ घालताना नाही, भरवताना नाही. अडीच वर्षं.

पोर मुकी राहिली त्यात रेडिओचा दोष कमी आणि याचा जास्त, असं मला आता वाटतं. तुम्हाला दोष देत नाही. ऐकलं मीच.

मनकर्णा

गुडीहत्नूर, ३० मे १९८८

अक्कांस जयभीम.

तुम्ही दुपारच्या बसने गेलात, जेवला नाहीत. तुमच्या वाट्याचं वरण संध्याकाळी आम्ही खाल्लं. जे झालं ते तुम्ही ऐकलंत आणि मी पाहिलं. माझ्या बाजूने कसं दिसलं ते तुम्हाला कळावं म्हणून लिहिते.

तुम्ही चित्रांचा तक्ता भिंतीला लावलात. ससा, सिंह, गरुड. माझ्या पत्रांवर विश्वास नसावा, म्हणून छडीने दाखवून विचारत होतात. विशाखा माझ्या लुगड्यामागे गेली. तिने सिंह कुठे बघितला आहे? तुम्ही पुन्हा विचारलंत, 'बाळा, तुझे नाव काय आहे?' ती गप्प. तुम्ही ह्यांच्याकडे बघितलंत. वही त्यांच्या मांडीवर होती, पण त्यांनी ती पुढे केली नाही. तुम्ही उठून तिचे फ्रॉक दोरीवरून काढायला लागलात. मी जुलैत सही करून दिली होती, म्हणून मला हात धरता येईना.

तेवढ्यात तुम्ही सगळे एकदम अंगणाकडे वळलात. मला काही कळलं नाही. बघते तर विशाखा दारात उभी, दोन्ही हात वर, तोंड एवढं मोठं उघडलेलं. आणि अंगणात तीन बकऱ्या तुमचं धुतलेलं पातळ ओढून खात होत्या. ती काय ओरडली ते ह्यांनी नंतर वहीत लिहिलं, ते तसंच्या तसं देते.

'बकरीलु येल्या! बाबा, धाव! आत्याचं पातळ खाल्लं बकरीलुनं!'

राहीबाई कुंपणापलीकडून पोट धरून हसत होत्या. हे बकऱ्यांमागे धावले. आणि तुम्ही, अक्का, खाली बसलात. मला वाटलं, आता तुम्हीही हसणार. पण तुम्ही भावाला म्हणालात, आणि तुमचे ओठ मला स्पष्ट दिसले, 'ही कसली भाषा, उद्धव? हिला शाळेत कोण बसू देईल? मी नेतेच हिला. माझ्याकडे शुद्ध तरी शिकेल.'

म्हणजे काल बोलत नाही म्हणून न्यायची होती आणि आज बोलते म्हणून.

'बकरीलुनं' या शब्दात काय आहे ते बघा. आधी बकरी. पुष्कळ आहेत म्हणून 'लु'. आणि खाणाऱ्या त्याच आहेत म्हणून 'नं'. आधी 'लु' आणि मग 'नं', उलटं नाही. दोन भाषा तिने शिवून एक केल्या आणि टाका कुठे उसवला नाही. मी शिलाई करते, मला यातलं कळतं.

पण हे सगळं मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मी फक्त 'नाही' म्हणाले. मोठ्याने. घशात काहीतरी हललं आणि तुमच्या हातातले फ्रॉक खाली पडले. मी पुन्हा म्हणाले, 'नाही. पोरगी बोलते. माझ्याकडेच राहील.' पाटी नाही, वही नाही.

मला भीती विशाखाची होती. कळायला लागल्यापासून तिने माझा आवाज ऐकलाच नव्हता. ती माझ्याजवळ आली, माझी हनुवटी धरली आणि खाली ओढली. म्हणाली, 'आई, पुन्ना म्हन.'

मी पुन्हा म्हणाले. मग आणखी पुष्कळ बोलले. तुम्ही तोवर फाट्याकडे निघाला होतात.

संध्याकाळी मी ह्यांना विचारलं, माझा आवाज कसा होता, खरं सांगा. ह्यांनी वही पुढे ओढली. मग लिहिलं, 'मोठा होता. बाकी तुझाच होता.'

पातळाचा धड राहिलेला भाग मी ठेवला आहे. त्यात एक पोलकं बसेल.

मनकर्णा

गुडीहत्नूर, २१ सप्टेंबर १९८८

प्रिय अक्का,

तुमचं पत्र पोचलं. या वेळी ते माझ्या नावाने होतं. पाकीट ह्यांनी न फोडता माझ्या हातात दिलं.

तुम्ही लिहिलंत की जून महिन्यात शाळा उघडली तेव्हा पहिलीतली एक मुलगी म्हणाली, 'गुरुजी येले', आणि तुमची छडी हातात तशीच राहिली. 'सव्वीस वर्षं मी असली वाक्यं ऐकते आहे आणि पुसते आहे. ती कुठून येतात ते मी कधी बघितलं नाही.' हे वाक्य मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. आता मी वाचून दाखवते, पाटी लागत नाही. माझं काही कळलं नाही तर हे हात वर करतात आणि मी सावकाश म्हणते.

तुम्ही माफी मागितलीत ती नको. मला ताप होता तेव्हा माझ्या पोरीला तुम्ही जगवलंत. पण पोरीला बासरला पाठवण्याबद्दल यापुढे कुणी बोलायचं नाही, तुम्ही नाही आणि हेही नाही. इथल्या अंगणवाडीत तिचं नाव घातलं आहे. तिथल्या टीचर तेलुगूत बोलतात. विशाखा तिथे तेलुगू, राहीबाईंकडे आपलं, आणि ट्रकवाल्यांशी हिंदी. कुणाशी काय बोलायचं यात ती चुकत नाही. 'बकरीलु' ती आता फक्त मला चिडवायला म्हणते.

गेल्या आठवड्यात वहीत 'बस आली' असं आलं. हे खूश होते. कुणी शिकवलं नव्हतं, ते तिला आपोआप लागलं. मी त्या पानावर तारीख घातली आणि थोडं रडले. काऊन ते मलाच कळलं नाही.

तुम्ही विचारलंत, माझा सूर तिने उचलला का. राहीबाई म्हणतात, माझ्याशी बोलताना उचलते, सावकाश आणि मोठ्याने. दुसऱ्यांशी नाही.

आता एक बातमी आहे. मे महिन्यात तुम्ही आलात तेव्हाच मला दिवस गेले होते, पण सांगायची ती वेळ नव्हती. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बाळंतपण आहे. माझी आई नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही रजा काढा. बासरहून निर्मलला बस बदला, सकाळची एक्सप्रेस फाट्यावर थांबते, हे उतरवून घ्यायला येतील.

या बाळाशी मी पहिल्या दिवसापासून बोलणार आहे, जसा येईल तशा आवाजात. तुम्हीही तुमचं शुद्ध बोला, मी अडवणार नाही. आणि माझं काही पटलं नाही तर पाटीवर लिहू नका, तोंडावर बोला, मी ओठ बघेन. भांडायलाच आलात तरी चालेल अक्का, बाळाच्या कानावर तेवढंच बोलणं पडेल.

वाट बघते.

तुमची,
मनकर्णा